खेकड्याचं पाणी

नागभीडला मी पार्सल बाबू होतो तेव्हा माझं वय चोवीस होतं. नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इतवारीहून निघालेली छोटी गाडी भाताच्या बांध्यांमधून डुलत यायची आणि नागभीडला तिचे दोन फाटे व्हायचे, एक चांद्याकडे आणि एक गोंदियाकडे. मी वर्धेकडचा. इंटर सायन्सला नापास झालो आणि रेल्वेत चिकटलो. नापास झालो हे स्टेशनवर कोणालाच ठाऊक नव्हतं. सायन्स शिकलो एवढंच ठाऊक होतं, आणि ते कोणी विसरणार नाही याची काळजी मी घेत असे. कोणाला ताप आला, कोणाच्या अंगावर खरूज उठली की लोक मला विचारायला येत. क्वार्टरांच्या लाईनीत काही जण मला डॉक्टरबाबू म्हणत. मी कधी नको म्हटलं नाही.

आमच्या लाईनीच्या शेवटच्या खोलीत एक गँगमन राहायचा, नवरा-बायको दोघंच. तो पंचेचाळिशीचा असेल. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन रूळ बघत जायचा आणि कमी बोलायचा. डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी कायम असे. बायको घोडाझरीच्या बाजूची, तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या घरातली. धाकटा दीर जवळच्याच गावात शेती करायचा, तिथे भाताच्या रोवणीला आणि कापणीला ती जात असे.

त्या उन्हाळ्यात तो तोंडाला दुपट्टा बांधून हिंडायला लागला. लोकांना वाटलं, ऊन लागू नये म्हणून. एकदा पार्सलच्या खिडकीशी पावतीवर अंगठा द्यायला आला तेव्हा मला वास आला. मी दुपट्टा सोडायला लावला. गालात आत रुपयाएवढी जखम होती, कडा कडक झालेल्या. चार महिन्यांपासून होती, असं त्याने सांगितलं. रेल्वेच्या दवाखान्यातून नागपूरच्या मोठ्या इस्पितळात जायची चिठ्ठी मिळाली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मी रजा काढून बरोबर गेलो. हे मी केलं, आणि हे चांगलं केलं, असं आजही म्हणतो. पुढचं तसं म्हणता येत नाही.

नागपूरला कॅन्सर ठरला. गालात रेडियमच्या सुया बसवल्या, आठ दिवस ठेवल्या. बायको तेव्हा दिराकडे रोवणीला अडकली होती, ती आली नव्हती. सुट्टी द्यायच्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगायचं ते मला सांगितलं. तोंड महिनाभर सोललेलं राहील. महिन्याने दुसरी खेप आहे, किरणांचा शेक द्यायचा आहे, आणि अंगात ताकद असली तरच तो देता येईल. वजन उतरू देऊ नका. जे गिळता येईल ते, जे रोज खातो त्यातलंच, पातळ करून द्या. अंडं, मासा, डाळ, काही वर्ज्य नाही. मी विचारलं, रोगाशी लढायची शक्ती वाढवायला एखादं टॉनिक द्यावं का. डॉक्टर म्हणाले, बाटलीने कॅन्सर हटत नाही, अन्न पोटात गेलं पाहिजे. ते घाईत होते. एवढंच बोलून पुढच्या खाटेकडे गेले.

मला ते उत्तर आवडलं नाही. फार साधं वाटलं. आठ दिवस इस्पितळात राहून परत जायचं आणि लोकांना सांगायचं काय, तर पेज पाजा म्हणून?

नागपूरला निघण्याआधी गावातल्या औषधाच्या दुकानदाराचं पार्सल आमच्याकडे आलं होतं. त्याने मला एक छापील पुस्तिका दिली होती, शक्तीच्या औषधाची. त्यात किल्ल्याचं चित्र होतं. बुरुजांवर पांढरे शिपाई, खाली काळे शत्रू. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे हे शिपाई, आणि हे टॉनिक त्यांना बळ देतं, दुर्धर रोगातसुद्धा. मी कॉलेजात पांढऱ्या पेशींची नावं पाठ केली होती. आता ती पुस्तिका पुन्हा चाळताना मला वाटलं, डॉक्टरांपेक्षा ही माणसं नवीन काहीतरी सांगताहेत.

नागभीडला उतरलो तर त्याची बायको स्टेशनवर आली होती. तिने नवऱ्याच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि मला विचारलं, डाक्टरनं काय सांगतलं. मी म्हटलं, घरी येऊन सगळं नीट सांगतो.

दोन दिवसांनी सांगायला गेलो, कारण आधी दुकानातून वस्तू जमवायच्या होत्या. तोवर तिने तिच्या पद्धतीने सुरू केलं होतं. पावसाळ्याचे दिवस, बांधाबांधाला खेकडे. ती सकाळी धरून आणायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळून काढायची आणि हळद-मीठ घालून ते पाणी तांदळाच्या पेजेत शिजवायची. मिरची नाही. कोमट झालं की तो भिंतीला टेकून हळूहळू प्यायचा. एक मोठी वाटी संपायला तास लागे, पण संपायची.

मी खोलीत शिरलो आणि तो वास माझ्या नाकात गेला. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असायचा. खेकड्याचा वास मला सोसत नव्हता, खरं कारण एवढंच. पण मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, या रोगाला कर्करोग म्हणतात, कर्क म्हणजे खेकडा, आणि या रोगात खेकडा मुळीच चालत नाही. मासे नाहीत, झिंगे नाहीत. हे डॉक्टरांनी सांगितलं आहे.

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांना पटलं. का पटू नये? नागपूरला मी गेलो होतो, ती नव्हती. तो तर सुयांच्या वेदनेत होता, डॉक्टर काय बोलले ते त्याला धड ऐकूही आलं नव्हतं.

मग मी पिशवीतून टॉनिकच्या दोन बाटल्या काढल्या, दुधाच्या भुकटीचा डबा काढला आणि शार्क माशाच्या तेलाची बाटली काढली. कोणतं किती चमचे आणि कधी, ते समजावलं. तिने तेलाचं बूच काढून वास घेतला.

“बाबूजी, हे तं मासोरीचं तेल आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“मासोरीचं तेल चालते, तं मासोरी काऊन नाई चालत?”

ती वाद घालत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी तिला जीवनसत्त्वांवर भाषण दिलं. यातलं सत्त्व काढून शुद्ध केलेलं असतं, तुमच्या रश्शात घाण असते, असं म्हणालो. घाण हाच शब्द वापरला. दारात शेजारची दोन-तीन माणसं ऐकत उभी होती, आणि ती ऐकताहेत म्हणून मी जरा जास्तच बोललो. ती म्हणाली, “हव जी,” आणि बाटल्या कोनाड्यात लावल्या.

टॉनिकमध्ये दारूचा अंश होता. लेबलावर लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. ज्याचं तोंड आतून सोललेलं आहे त्याला ते कसं लागेल याचा विचार माझ्या मनात आला नाही. पहिला चमचा घेतला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, भाऊ, कडू असतं तेच लागू पडतं. दिवसातून तीनदा तो ते घेत राहिला. भुकटीच्या दुधाने त्याला जुलाब लागले. जन्मात त्याने इतकं दूध कधी प्यायलं नव्हतं. मी सांगितलं, आतला मळ निघून जातो आहे, हे चांगलं लक्षण आहे. हे कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. त्या वेळी सुचलं.

तो वाळत चालला. पंधराएक दिवसांनी मी संध्याकाळी सहज डोकावलो तर ती त्याला वाटीने काही पाजत होती. वास ओळखीचा होता. मला पाहून तिने वाटी पदराखाली घेतली. मी संतापलो. चुलीवरचं भांडं मी स्वतः उचललं आणि मोरीत ओतलं. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या चुलीवरचं भांडं. म्हणालो, तुला नवरा पाहिजे आहे की नाही? मी निघालो तेव्हा ती ते रिकामं भांडं राखेने घासत बसली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानंतर तिने माझ्या सांगण्याबाहेर काही केलं नाही.

महिना भरला. नागपूरला या वेळी ती बरोबर होती. इतवारीपासून इस्पितळापर्यंत त्याला आम्ही दोघांनी धरून नेलं. वजनाच्या काट्यावर तो उभा राहिला आणि डॉक्टरांनी आधीचा कागद काढून पाहिला. पुन्हा उभं राहायला सांगितलं. आकडा तोच आला. गालातली जखम बरी होत होती, पण माणूस हाडांवर आला होता. डॉक्टर कागदावरून मान वर करून मला म्हणाले, “याला काय खायला देत होता?”

बाहेर बाकांवर माणसं होती. नर्स होती. डॉक्टर माझ्याशी, सुशिक्षित माणूस म्हणून, बोलत होते. मला खरं सांगता आलं असतं. दोन वाक्यांत झालं असतं. मी म्हणालो, “मी सगळं सांगितलं होतं डॉक्टरसाहेब. पण ही ऐकत नाही. जंगलातलं कायबाय उकळून पाजते.”

माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मला स्वतःलाच नवल वाटलं.

डॉक्टर तिच्याकडे वळले. वाईट माणूस नव्हते, पण रोज मरणं बघणाऱ्या माणसाचा राग होता तो. आम्ही इथे मेहनत करतो आणि तुम्ही लोक घरी नेऊन त्याची माती करता, असं ते म्हणाले. आता शेक देता येणार नाही, दिला तर हा टेबलावरच जाईल. याला मारायचं आहे का तुला? ती दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याचा खांदा धरण्यात गुंतल्यासारखं केलं. तो बोलायचा प्रयत्न करत होता. तोंडातून नुसता घशातला आवाज निघाला, आणि डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवलं, बोलू नकोस म्हणून.

मग ते जरा निवळले. म्हणाले, “तुमच्याकडे तळी आहेत ना? मासे मिळतात? माशाचं, खेकड्याचं पाणी काढ आणि पेजेत घालून दे. दिवसातून पाच-सहा वेळा. एवढं तरी करशील?”

“हव जी,” ती म्हणाली.

नागभीडला उतरल्यावर मी सामान उचलायला हात पुढे केला, तर तिने ते आधीच डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पार्सलच्या खिडकीशी आली. टॉनिकची उरलेली बाटली, भुकटीचा डबा, तेल, सगळं एका टोपलीत. ते तिने खिडकीतून आत सरकवलं.

“हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा. आता डाक्टरनं मले सांगतलं, माह्या कानानं ऐकलं मी.”

एवढंच. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी बाटल्या टेबलाखाली ठेवल्या.

तीन आठवड्यांत तो सावरला. गालांवर थोडं मांस आलं. दुसरी खेप झाली, शेक त्याने सोसला. या वेळी त्यांनी मला बरोबर बोलावलं नाही, दीर गेला. दिवाळीनंतर तो फाटकावर हलक्या कामाला लागला. लाल-हिरवं निशाण घेऊन बसायचा. माझ्याशी बोलायचा, नेहमीसारखंच कमी. त्याने त्या दिवसाचा उल्लेख कधी केला नाही. मला वाटायचं, मिटलं.

पण मिटलं नव्हतं, आणि तेही माझ्यामुळेच. नागपूरहून शेक न देता परत का पाठवलं, असं स्टेशनमास्तरांनी मला विचारलं होतं, लाईनीतल्या माणसांनी विचारलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं, आणि डॉक्टर तिच्यावर रागावले तेही. एकदा सांगितलेलं बदलता येत नव्हतं. महिनाभर माझी औषधं बघणारे शेजारी होते, त्यांनी तरी विश्वास कसा ठेवला? ठेवला. बाबू म्हणतो आणि नागपूरचा डॉक्टर म्हणतो, म्हटल्यावर त्यांनी स्वतः पाहिलेलं बाजूला ठेवलं. बायका नळावर बोलू लागल्या की ही नवऱ्याला काहीही खाऊ घालत होती, नशिबाने वाचला.

पुढच्या वर्षीच्या कापणीनंतर त्याच्या मानेला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता करण्यासारखं काही नाही. रोग आतून गेलेला होता, त्यात कोणाच्या खाऊ घालण्याचा दोष नव्हता. ती त्याला शेवटपर्यंत भरवत होती. शिमग्याच्या आधी तो गेला.

तेराव्याला मी त्याच्या गावी गेलो. अंगणात माणसं बसली होती. जेवणं झाल्यावर दिराने विषय काढला. वहिनीने आता माहेरी जावं, या घरात तिची जागा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी विचारलं, काऊन, तिचा काय कसूर? दीर म्हणाला, हिनंच माह्या भावाले खराब केलं, कायबाय खाऊ घालून. नागपूरच्या डाक्टरनं तोंडावर म्हटलं तिले. मग तो माझ्याकडे वळला.

“बाबूजी हाजर होते तिथी. विचारा त्यायले. म्हटलं का नाई डाक्टरनं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती उंबऱ्याच्या आत बसली होती, अर्धी अंधारात. मी दीड वर्ष मनात म्हणत होतो की वेळ आली तर सांगेन. वेळ समोर होती. डॉक्टर तसं म्हणाले हे खरं होतं, आणि मी त्या खऱ्याच्या आड लपलो.

“म्हटलं होतं,” मी म्हणालो. “पण आता ते जुनं झालं. कशाला उकरता?”

मला वाटलं, मी तिची बाजूच घेतो आहे. अंगणात मात्र त्याचा अर्थ एकच झाला. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली, असं मला नंतर कळलं.

माझी बदली गोंदियाला झाली. लग्न झालं. बायकोला मी नागभीडच्या गोष्टी सांगायचो, ही सांगितली नाही. पुस्तिका, बाटल्या, असलं काही घरात कोणी आणलं की मी चिडायचो आणि तिला कारण कळायचं नाही.

चार वर्षांनी रजा काढून घरच्या कामासाठी चांद्याला जाताना नागभीडला गाडी बदलायची होती. फलाटावर मासेवाल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्यात ती होती. केस पिकले होते. तिने मला ओळखलं, आणि बाबूजी, बरे आहात, असं विचारलंही. गाडीला वेळ होता. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर पहिल्या खेपेला काय म्हणाले होते, मी काय निरोप आणला, कर्काची गोष्ट मी कशी मनाने रचली. शेवटचा भाग तिला ठाऊक नव्हता. खेकडा चालत नाही हे डॉक्टर बोललेच नव्हते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आधी तिला वाटत होतं, डॉक्टरांनीच आपलं सांगणं बदललं असेल.

तिने टोपलीवरच्या माश्या वारल्या.

“त्या दिशी आंगनात बोलले असते, तं माह्या कामात आलं असतं,” ती म्हणाली. आणि मग, “आता तरी दिराले सांगान काय?”

मी हो म्हणालो. गाडी आली. तिचा गिऱ्हाइकांशी भाव करण्याचा आवाज मला डब्यात बसल्यावरही येत होता.

दिराच्या गावी जायला नागभीडहून तासभर लागला असता. परतीच्या वेळी मी नागभीडला थांबलो नाही, लगेच पुढची गाडी धरली. रजा संपली होती, असं स्वतःला सांगितलं. गोंदियाहून एक कार्ड टाकलं. त्यात लिहिलं की आपल्या वहिनींबद्दल माझ्याकडून काही गैरसमज पसरला, त्याबद्दल दिलगीर आहे, त्यांचा दोष नव्हता. चार ओळी लिहायला एक संध्याकाळ गेली. मी खोटं बोललो, असं त्यात लिहिलं नाही. कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो, आणि दिराला वाचता येत नसल्याने गावातला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, हे माझ्या डोळ्यांपुढे होतं. उत्तर आलं नाही. कार्ड पोहोचलं की नाही, वाचून कोणाला काही उमगलं की नाही, मला माहीत नाही. तिला त्या घरात परत घेतल्याचं कधी ऐकलं नाही.

पुढे नोकरीत असेपर्यंत त्या मार्गाने कितीतरी वेळा गेलो. नागभीड आलं की खिडकीतून त्या बायकांच्या रांगेकडे बघायचो. पाहणाऱ्याला वाटलं असतं, मी कोणाला तरी शोधतो आहे. बघत मी होतो, पण मनातून वाटायचं ती आज नसावी, आणि ती नाही असं दिसलं की हायसं वाटायचं.